आठ, बारा की सोळा

ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं घ्यावं, बाराचं की सोळाचं, या प्रश्नावर मी अकरा आठवडे घालवले. त्याच अकरा आठवड्यांत माझ्या आईचा डावा डोळा गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, मी आणि आई. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. बहीण माझ्याहून मोठी, ती लग्न होऊन ठाण्याला घोडबंदर रोडला गेली. आईने लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून घर चालवलं. सुईत दोरा ओवायला तिने कधी कुणाला हाक मारली नाही, आणि याचा तिला भारी तोरा होता. तिच्या वयाच्या शेजारणी चष्मा शोधत बसायच्या तेव्हा ही त्यांच्यासमोर मुद्दाम सुई ओवून दाखवायची. मग साखर वाढली, कित्येक वर्षं वाढलेलीच राहिली, आणि डोळ्यांच्या पडद्याला सूज आली. ठाण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितली. थेट डोळ्यात. "पोटात द्या, पाठीत द्या, कुठेही द्या," असं ती त्यांना म्हणाली होती, आणि हे ती गंमत म्हणून म्हणत नव्हती.

तीन इंजेक्शनं झाली. उजव्या डोळ्याला कडेकडेचंच धूसर दिसायचं राहिलं, डावा मात्र वाचला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की आता सगळी भिस्त डाव्यावर आहे. धूसर दिसलं, रेषा वाकड्या दिसल्या, तर दुसऱ्या दिवशी इथे यायचं, वाट बघायची नाही. बारीक चौकटींचा एक कागदही दिला. रोज एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं आणि चौकटी सरळ दिसतात का ते तपासायचं. मी घरी येताच तो कागद मॅग्नेट लावून फ्रिजवर लटकवला. अशा बाबतीत मी फार शिस्तीचा माणूस आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

डोळ्यांमुळे तिचं शिवण बंद होतं आणि टीव्हीवरच्या मालिकांना ती विटली होती. एका रविवारी सकाळी मी ट्रक चालवायचा माझा गेम खेळत होतो. टेबलाला स्टिअरिंग लावलेलं, खाली पायाशी पेडल. ती चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "एवढा मोकळा रस्ता, तरी तू धडकतोस कसा रे?"

"तू चालव मग," मी म्हटलं. मी चिडून म्हटलं होतं. ती खरंच बसली.

आणि तिने छान चालवलं. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारलेला पाय होता तो. मी धाडकन दाबायचो, ती कापड सरकवावं तसं हळूहळू दाबायची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कोकणात लाल डब्यावर ड्रायव्हर होते. सुट्टीत ती त्यांच्या केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणाशेजारी बसून जायची आणि वाटेतल्या गावांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. तिला गाडी शिकायची होती. पण शिकवणार कोण, आणि गाडी तरी कुठे होती. ती सदुसष्टाव्या वर्षी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गाडी शिकली.

गेममधले परदेशी रस्ते मात्र तिला आवडेनात. "रस्त्यात एक माणूस नाही. कर्फ्यू लागलाय का?" मग मी मॉड टाकायला लागलो. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये हौशी लोकांनी घरबसल्या बनवून घातलेली भर. कुणी आपल्याकडचे घाट बनवलेले, कुणी रिक्षा, कुणी रस्त्यात बसलेली गुरं, कुणी लाल डबा आणि त्याचा घोगरा हॉर्न. आई लाल डबाच चालवायची, ताशी तीसच्या वेगाने. थांबा आला की थांबायची, गेममध्ये चढणारं कुणी नसलं तरी. "असू दे, एखादी बाई धावत येत असेल," म्हणायची.

फक्त पाट्या चुकीच्या होत्या. गावांची नावं इंग्रजीत, तीही भलतीच. तेव्हा माझ्या अंगात आलं. दिवाळीत कोकणात गेलो तेव्हा मी रस्त्याकडेच्या पाट्यांचे फोटो काढले, आणि घरी येऊन एकेक पाटी गेमसाठी बनवली. एकशे चाळीस पाट्या. इतक्या बारकाईने, की खिळ्याभोवतीचा गंजही दिसावा. एवढ्या तपशिलाची काही गरज नव्हती, पण आईला दाखवायच्या होत्या ना. तिने त्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी काढली तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस असेल. ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत गेली. माहेरच्या फाट्याची पाटी आली तेव्हा तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पदराने डोळे पुसले. मग इंडिकेटर देऊन पुन्हा रस्त्यावर आली.

पण माझ्या कार्डाला ते झेपेना. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते. समोर दिसणारं प्रत्येक झाड, दगड, पाटी तिच्यात मावावी लागते. माझं कार्ड आठ जीबीचं, आणि मी त्यात घाट, गुरं आणि एकशे चाळीस पाट्या कोंबलेल्या. मेमरी भरली की गेम आपोआप वस्तूंचा तपशील कमी करतो आणि त्या पुसट दिसतात.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी आई गाडी चालवता चालवता म्हणाली, "अरे, पाटी पुसट दिसतेय."

ती गाडी तशीच उभी करून माझ्याकडे बघत होती. मी येऊन पाहिलं. पाटी खरंच पुसट होती, साबणाचा हात फिरवल्यासारखी. स्क्रीनच्या कोपऱ्यात मेमरीचा आकडा मी कायम लावून ठेवायचो, तो आठाला टेकला होता. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. कारण या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"तुझे डोळे नाहीत गं. कार्डाची मेमरी संपलीय."

"खरंच ना?"

"शंभर टक्के."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तो मी पाहिला. तिला वाटलं होतं की आता पुन्हा ठाणे, पुन्हा तो निळा कपडा तोंडावर, पुन्हा सुई. मी तिला त्यातून सोडवलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर मी कार्ड निवडायला बसलो. मी साधा फ्रीज घेताना चार महिने घेतलेला माणूस आहे. बहीण म्हणते, याला लग्नाची मुलगी दाखवली तर हा आधी तक्ता बनवेल. म्हणूनच बहुधा अडतिसाव्या वर्षी मी आईबरोबर गेम खेळत होतो. तर मी तक्ता बनवला. एका बाजूला आठ जीबीची नवी कार्डं, चिप वेगवान पण मेमरी तेवढीच. मधे बाराचं, चिप जरा मंद. मग सोळाचं, लांबीला एवढं मोठं की माझ्या कॅबिनेटमध्ये मावेल की नाही याची शंका. शिवाय बातमी होती, की पुढच्या महिन्यात सोळाचंच आणखी एक येतंय. ऑफिसातून घरी येताना फोनवर तेच वाचायचो, आणि इंटरनेटवर अनोळखी पोरांशी तावातावाने वाद घालायचो. बारा पुरतं, असं कुणी म्हटलं की मी त्याला आकडे फेकून मारायचो. सोळा लागतं, असं कुणी म्हटलं की त्यालाही.

आईला मी एकदा समजावून सांगितलं. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आणि चिप म्हणजे करणारीचे हात. "हात कितीही चलाख असले तरी ओट्यावर जागा नसेल तर परात ठेवणार कुठे?"

"मग मोठा ओटा घे," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. तिला अर्धं मिनिट लागलं. मला अकरा आठवडे.

तो तक्ता छापून मी फ्रिजवर लावला. मॅग्नेट एकच होता, म्हणून चौकटींच्या कागदावरच लावला. खालचा कागद आईने पुन्हा वर काढला नाही. मीही नाही.

मधूनमधून ती सांगायची, पण तक्रारीच्या सुरात नाही. "आज जास्तच पुसट आहे रे तुझा गेम." मी म्हणायचो, "थांब ना, येतंय कार्ड." मे महिन्यात समोरच्या काकू एक साडी परत घेऊन आल्या. त्यांच्यासाठी म्हणून आईने हट्टाने फॉल लावला होता आणि तो एका बाजूला बोटभर सरकला होता. आई म्हणाली की हल्ली दोराच खराब येतो. काकू साडी ठेवून गेल्या. मी लॅपटॉपवरून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिने टाका चुकवला, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि मग जूनमधला तो रविवार. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की मी उठून पाणी पिऊन येतो.

निम्म्या सामानाला किती मेमरी लागते त्यावरून बाराने भागेल का हे काढायचं, म्हणून मी त्या सकाळी निम्मे मॉड काढून टाकले. गुरं काढली, झाडं काढली, रिक्षा काढल्या. आकडा सहावर आला. मेमरी रिकामी होती आणि पाट्या स्वच्छ दिसत होत्या. मी तिच्या मागे उभा होतो, चांगला चार हात लांब, आणि तिथून मला खिळ्याभोवतीचा गंज दिसत होता. आई गाडी चालवत त्या पाटीशी आली आणि म्हणाली, "अजून तसंच. आणि मधोमध काळं काय आहे हे?"

काळं काहीच नव्हतं.

मला कळलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. कळलं होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं. दुसऱ्या दिवशी ठाण्याला जायचं म्हणजे सुट्टी टाकायची, ती रडणार, टॅक्सीत माझा हात घट्ट धरून बसणार, आणि मी शंभर टक्के म्हणालो होतो त्याचं काय करायचं. हे सगळं क्षणभरात डोक्यातून गेलं असेल. मी म्हटलं, "लोड होतंय अजून. थांब जरा."

ती थांबली. तिचा माझ्यावर विश्वास होता. तीन आठवडे ती थांबली.

कार्ड आलं जुलैच्या सुरुवातीला. शेवटी सोळाचंच घेतलं, आणि ते कॅबिनेटमध्ये मावलंही. शनिवारी दुपारी मी ते बसवलं, काढलेले सगळे मॉड परत टाकले, वर आणखी चार घातले. आकडा अकराच्या पुढे जाईना. दगडांवरचं शेवाळंसुद्धा दिसत होतं. मी तिला हाक मारली. तिने हात धुतले, पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

पहिली पाटी आली. आईने ती वाचली नाही. दुसरी आली, गेली. मी भिंतीला टेकून उभा होतो. माहेरच्या फाट्याची पाटी आली, अक्षरन्अक्षर लख्ख, आणि ती तिच्यावरून तशीच पुढे गेली. इंडिकेटर नाही, काही नाही. थोडं पुढे जाऊन तिने गाडी थांबवली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"हेही कमीच पडतंय का रे?" तिने विचारलं. मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू विचारलं.

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला. "माझ्याकडे बघ. काय दिसतंय?"

तिने नीट बघितलं. "तुझे कान दिसतात," ती म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आठ दिवस झाले असतील. मी ह्याला बोललेच नाही. घाबरले इंजेक्शनला." डॉक्टर म्हणाले, हे आठ दिवसांचं नाही. पडद्याच्या बरोबर मध्यावर रक्त साकळून त्याचा व्रण झाला होता. वेळेत आला असतात तर, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडून लिहायला घेतलं. मी जमिनीकडे बघत होतो. खरं म्हणजे उपचाराच्या दृष्टीनेसुद्धा त्यांना खरी तारीख सांगायला हवी होती. सांगितली नाही.

तिथून आम्ही जेवायला बहिणीकडे गेलो. ती स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, आत जात होती आणि आईला बोलत होती. "अगं आई, एवढं बजावलेलं ना डॉक्टरांनी? तोंड शिवलेलं का तुझं? तो बिचारा चोवीस तास तुझ्याबरोबर असतो, त्याला तरी सांगायचंस." तो बिचारा म्हणजे मी. माझ्या ताटात वरणभात होता. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुकलं माझं." मी तो भात संपवला. बहिणीने विचारलं तेव्हा आणखी घेतला.

पुढे दोन इंजेक्शनं झाली. व्हायचं ते झालेलंच होतं. आता तिला खोलीतला उजेड कळतो, माणूस आत आलं तर कळतं, कडेकडेचं बरंच दिसतं. जिकडे बघावं तिथे मात्र काही नसतं. ती स्वयंपाक करते, भाकरी थापते, जिना उतरते. वाचता येत नाही. मशीन तिने कल्याणच्या एका ओळखीच्या बाईला देऊन टाकलं, मला न विचारता. गेम मी अजून काढून टाकलेला नाही आणि उघडतही नाही. घरात त्याचा विषय निघत नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती मोड आलेले वाल सोलत बसली होती. ते काम तिला बोटांनी जमतं. मी समोर बसून सोलू लागत होतो. मग हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"त्या पाट्या तेव्हा तुलाही पुसटच दिसायच्या ना? दर वेळी?"

मला कळलं ती काय विचारत होती. तिला दोष द्यायचा नव्हता. मनात घोळणारी एक शंका तिला काढून टाकायची होती, म्हणजे माझ्याबद्दल पुन्हा तिला आधीसारखं वाटू शकलं असतं. हे किती महिने ती एकटी मनात घेऊन वावरत होती, कोण जाणे. मी तिला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तिने ते सोसलं असतं. तिने याहून मोठ्या गोष्टी सोसल्या आहेत.

"हो," मी म्हटलं. "दर वेळी."

"मग झालं तर," ती म्हणाली. "मला आपलं उगाच वाटत होतं."

लहानपणी मी खोटं बोललो की ती काही विचारायची नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघायची आणि तिला कळायचं. त्या दुपारीही तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, चांगला वेळ बघितलं. मग पुढचा वाल उचलला आणि सोलायला लागली.